साडेतीन लाखांची माळ, चार डॉलरचं जेवण

पैसा, हातचं निसटलेलं प्रेम आणि शेवटी भ्रमनिरास, असा विषय निघाला की बहुतेक वाचकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते 'द ग्रेट गॅट्सबी'चं. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. नऊ प्रकरणं, जेमतेम पन्नास हजार शब्द. दोन बैठकींत हातावेगळी होते. आणि तरी ती वाचून 'बरं, मग? एवढं काय आहे त्यात?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं फारसं चुकत नाही. नुसती प्रेमकथा म्हणून वाचली तर नायक भाबडा वाटतो, नायिका उथळ वाटते आणि शेवट अपघाताने झाल्यासारखा वाटतो.

हीच कादंबरी हिशोबाच्या वहीसारखी वाचून बघा. प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारायचा: तुझा पैसा आला कुठून? फिट्झजेराल्डने रकमा आणि तारखा जागोजागी पेरून ठेवल्या आहेत, फक्त ओळीने मांडलेल्या नाहीत.

गोष्ट थोडक्यात अशी. १९२२ चा उन्हाळा. निक कॅरवे हा तरुण अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातून रोख्यांचा धंदा शिकायला न्यूयॉर्कला येतो आणि शहरापासून वीस मैलांवर, लाँग आयलंडच्या वेस्ट एग भागात एक छोटं घर भाड्याने घेतो. शेजारच्या महालात जे गॅट्सबी राहतो. त्याच्याकडे दर आठवड्याला शेकडो लोक येऊन खातात-पितात, आणि यजमान कोण हे त्यातल्या अनेकांना ठाऊकही नसतं. पाण्यापलीकडे, ईस्ट एगला, निकची नात्यातली बहीण डेझी आणि तिचा गडगंज नवरा टॉम ब्यूकॅनन राहतात. डेझी आणि गॅट्सबी यांचं पाच वर्षांपूर्वी प्रेम होतं. ते पुन्हा जुळवण्याचा गॅट्सबीचा खटाटोप म्हणजे ही कादंबरी. उन्हाळा संपेपर्यंत तीन माणसं मेलेली असतात.

वेस्ट एग आणि ईस्ट एग ही नावं काल्पनिक, पण जागा खऱ्या. फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ या काळात ग्रेट नेकला राहत होता. तेच त्याचं वेस्ट एग, आणि खाडीपलीकडचं सँड्स पॉइंट म्हणजे ईस्ट एग. शहराच्या वाटेवरची राखेची दरीसुद्धा खरीच होती. न्यूयॉर्कच्या शेगड्यांची राख जिथे टाकत ते कोरोनाचे ढीग ते हेच. पुढे ते सपाट करून तिथे १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरवलं, आणि आज त्या जागी मोठं उद्यान आहे.

तीन रकाने

वाचताना एक कागद जवळ ठेवा आणि त्यावर तीन रकाने आखा: तारीख, रक्कम, आणि ही माहिती कोणी दिली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण या कादंबरीत बरीच माहिती ऐकीव आहे आणि सांगणाऱ्याचा त्यात काही ना काही हेतू आहे.

गोंधळ होतो तो क्रमामुळे. गॅट्सबीचं पूर्वायुष्य तुकड्यांनी आणि उलटसुलट येतं. डेझीच्या लग्नाची हकीकत चौथ्या प्रकरणात तिची मैत्रीण जॉर्डन बेकर सांगते. गॅट्सबीचं मूळ नाव जेम्स गॅट्झ आणि तो नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, हे सहाव्यात कळतं. लुईव्हिल शहरातलं त्यांचं प्रेम नीट उलगडतं ते आठव्यात, आणि पैसा नेमका कुठून सुरू झाला हे कळेपर्यंत नववं प्रकरण उजाडतं, तेव्हा गॅट्सबी मेलेला असतो.

आता तारखा लावून बघा. ऑक्टोबर १९१७ मध्ये डेझी लुईव्हिलमधल्या सगळ्यात मागणी असलेल्या मुलींपैकी एक, आणि गॅट्सबी जवळच्या छावणीतला लेफ्टनंट. पुढे तो युद्धावर फ्रान्सला जातो. युद्ध संपल्यावर त्याला घरी यायचं असतं, पण पाठवतात ऑक्सफर्डला, पाच महिने. इकडे जून १९१९ मध्ये डेझीचं टॉमशी लग्न होतं. गॅट्सबी परततो तेव्हा नवरा-बायको मधुचंद्राच्या प्रवासात असतात. तो सैन्याच्या पगारातले उरलेसुरले पैसे खर्चून लुईव्हिलला जातो, आठवडाभर तिच्या गल्ल्यांतून हिंडतो आणि खिसा रिकामा करून परत फिरतो.

यानंतरची तारीख कादंबरी सांगत नाही, ती आपण घालायची: १७ जानेवारी १९२०. त्या दिवशी अमेरिकाभर दारूबंदी लागू झाली. गॅट्सबीची कमाई जमते ती त्यानंतर. महाल विकत घेण्याइतका पैसा कमवायला आपल्याला फक्त तीन वर्षं लागली, असं तो एकदा निकजवळ बोलून जातो. लग्न आणि कायदा यांत अंतर किती? सात महिने.

औषधाच्या दुकानात काय चालायचं

हा भाग समजल्याशिवाय पुढचं कळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

त्या कायद्याने दारू तयार करणं, विकणं आणि वाहून नेणं बंद केलं. पिण्यावर बंदी नव्हती. कायदा लागू होण्याआधी घरात भरून ठेवलेला साठा घरी बसून संपवायला मोकळीक होती. शिवाय एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती, ती म्हणजे औषध. डॉक्टर ठरावीक सरकारी छापील चिठ्ठीवर व्हिस्की लिहून देऊ शकत. एका रुग्णाला दहा दिवसांत जास्तीत जास्त एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर. चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात ती मिळे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर तब्येतीच्या कारणावरून परमिट काढण्याची जी पद्धत रुळली, ती माहीत असलेल्याला यातली मेख लगेच कळेल.

म्हणजे मद्यार्क बाळगण्याचा कायदेशीर परवाना ज्या थोड्या धंद्यांकडे होता, त्यातला एक औषधवाल्यांचा. गॅट्सबी आणि त्याचा भागीदार मायर वुल्फशाइम यांनी न्यूयॉर्क आणि शिकागोच्या आडगल्ल्यांतली अशी बरीच दुकानं विकत घेतली आणि धान्यापासून काढलेला मद्यार्क सरळ काउंटरवरून विकला. हातभट्टी नाही, अंधारातली होडी नाही. पांढरा कोट, काचेचं कपाट आणि पावती. त्यामुळे 'मी औषधांच्या धंद्यात होतो' असं गॅट्सबी म्हणतो तेव्हा तो धडधडीत खोटं बोलत नसतो. त्याची बरीच वाक्यं अशीच, निम्मी खरी.

वुल्फशाइमवर आर्नल्ड रॉथस्टाइन या न्यूयॉर्कच्या खऱ्या जुगारसम्राटाची छाया आहे. १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमधली फिक्सिंग त्याच्या नावावर सांगतात, आणि कादंबरीत ती वुल्फशाइमच्या नावावर आहे. बाझ लुहरमनच्या २०१३ च्या चित्रपटात ही छोटी भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली होती. आपल्याकडच्या अनेकांनी गॅट्सबीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हाच.

दोन रकमा

आता दुसरा रकाना. निकच्या घराचं भाडं महिना ऐंशी डॉलर. वर्षाचे नऊशे साठ. ही आपली मोजपट्टी धरू, म्हणजे डॉलरचे रुपये करत बसावं लागत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी टॉम डेझीला मोत्यांची माळ देतो. किंमत साडेतीन लाख डॉलर. निकच्या घराचं ३६४ वर्षांचं भाडं. ही अतिशयोक्ती वाटेल, पण तेव्हाचे मोती म्हणजे नैसर्गिक मोती. इराणच्या आखातात बुड्या मारणाऱ्यांनी काढलेले असे मोती मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात येत, तिथे निवडले-वेजले जात आणि पुढे पॅरिस-न्यूयॉर्क गाठत. १९१७ मध्ये कार्टिये या जवाहिऱ्याने फिफ्थ ॲव्हेन्यूवरची अख्खी हवेली मिळवली ती दहा लाख डॉलरची मोत्यांची माळ आणि वर शंभर डॉलर देऊन. शिंपल्यांत मुद्दाम पिकवलेल्या कल्चर मोत्यांनी भाव पाडले ते नंतर. तेव्हा टॉमची माळ म्हणजे एखादा बंगलाच गळ्यात घालण्याचा प्रकार.

त्या संध्याकाळी काय होतं ते जॉर्डनने पाहिलंय. पाहुण्यांचं जेवण अर्ध्या तासावर आलेलं, आणि डेझी आयुष्यात पहिल्यांदाच दारू पिऊन पलंगावर पडलेली, हातात एक पत्र. ती कचऱ्याच्या टोपलीतून माळ बाहेर काढते आणि म्हणते, ज्याची आहे त्याला परत देऊन या, माझा विचार बदललाय. मग तिला थंड पाण्याच्या टबात बसवतात. पत्र ती सोडत नाही, मुठीत आवळून त्याचा ओला गोळा करते. तो बर्फासारखा विरघळून सुटायला लागतो तेव्हाच साबणाच्या भांड्यात ठेवू देते. अर्ध्या तासाने ती खोलीबाहेर येते तेव्हा माळ गळ्यात असते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता लग्न.

पत्र कोणाचं ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही.

आता दुसरी रक्कम, कादंबरीतल्या सगळ्यात लहान रकमांपैकी. गॅट्सबी मेल्यावर वुल्फशाइम निकला सांगतो: पहिल्यांदा भेटला तेव्हा हा पोरगा युद्धावरून आलेला, अंगावर अजून सैन्याचाच गणवेश, कारण साधे कपडे घ्यायला पैसे नव्हते. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. मी त्याला जेवायला नेलं, तर अर्ध्या तासात त्याने चार डॉलरहून जास्तीचं खाल्लं.

या दोन रकमांमधला दुवा म्हणजे तो गणवेश. १९१७ मध्ये याच गणवेशामुळे तो डेझीच्या दिवाणखान्यात जाऊ शकला होता. गणवेशातला माणूस कोणाचा कोण हे कळत नाही, शेतकऱ्याचा मुलगा आणि गिरणीमालकाचा मुलगा सारखेच दिसतात. दोन वर्षांनी तोच गणवेश दारिद्र्याची खूण झाला. हे लक्षात ठेवून पाचव्या प्रकरणातला तो प्रसिद्ध प्रसंग वाचा, ज्यात गॅट्सबी कपाटातून रेशमी, तलम, रंगीत शर्टांचा ढीग डेझीपुढे टाकत जातो आणि ती शर्टांत तोंड खुपसून रडते. शर्टांसाठी कोणी रडतं का, म्हणून या प्रसंगाची थट्टा होते. कोणाला कशाचं रडू आलं ते कादंबरी उघड सांगत नाही. पण त्याने इतर काही न दाखवता कपडेच का दाखवले, ते आता कळतं.

प्लाझा हॉटेलमधला क्रम

प्रेम नेमकं कुठे तुटतं? बहुतेक जण सांगतील, डेझी 'माझं टॉमवरही प्रेम होतं' असं म्हणते तिथे. सातवं प्रकरण हळू वाचा. उन्हाळ्यातला सगळ्यात तापलेला दिवस, हॉटेलची कोंदट खोली, पाच माणसं. डेझी ते वाक्य म्हणते, गॅट्सबीला ते लागतं, हे खरं. पण त्यानंतरही ती, कष्टाने का होईना, सांगते की मी टॉमला सोडून जातेय. म्हणजे प्रेमाच्या प्रश्नावर टॉम अजून जिंकलेला नाही.

मग टॉम विषय बदलतो. बोटातली अंगठीसुद्धा ज्याला चोरून आणावी लागेल अशा भामट्यासाठी तू मला सोडणार नाहीस, असं म्हणून तो औषधाच्या दुकानांचं सगळं बाहेर काढतो. वर सांगतो की तो धंदा म्हणजे चिल्लर, आता याहून मोठं काहीतरी चाललंय. गॅट्सबी दुकानांची गोष्ट नाकारत नाही. मग तो डेझीशी भराभर बोलू लागतो, आरोप झाले नाहीत तेही खोडत सुटतो, आणि त्याच्या प्रत्येक शब्दागणिक ती आत आत आक्रसत जाते. खेळ इथे संपतो. टॉमला इतकी खात्री वाटते की तो डेझी आणि गॅट्सबीला एकाच गाडीतून घरी पाठवतो.

ते 'मोठं काहीतरी' काय, ते शेवटच्या प्रकरणात निसटत्या ओळीत येतं. गॅट्सबी मेल्यावर शिकागोहून फोन येतो. पलीकडच्या माणसाला वाटतं आपण गॅट्सबीशीच बोलतोय. तो घाईघाईने सांगतो: पोरगा पकडला गेला, काउंटरवर रोखे देतानाच उचलला, न्यूयॉर्कहून नंबरांचं परिपत्रक पाचच मिनिटं आधी आलं होतं. त्या काळी बरेचसे रोखे नावावर नसत. कागद ज्याच्या हातात, तो मालक. त्यामुळे चोरायला सोपे, पण प्रत्येकावर नंबर छापलेला. चोरीचे नंबर बँकांपर्यंत पोचायच्या आत लांबच्या गावात खपवायचे, एवढीच शर्यत. आणि आपला निवेदक निक काय शिकायला न्यूयॉर्कला आलाय? रोख्यांचाच धंदा. पाचव्या प्रकरणात गॅट्सबी त्याला 'जरा खासगी स्वरूपाचं, चार पैसे मिळवून देणारं' काम देऊ करतो, तो हाच सापळा असावा. निक नाही म्हणतो, पण प्रामाणिकपणासाठी नव्हे. मदतीच्या बदल्यात इतक्या उघडपणे पैसे देऊ करणं त्याला असभ्य वाटतं, म्हणून.

मग टॉमचा पैसा कुठून आला? कादंबरीभर शोधा, सापडणार नाही. घराणं शिकागोचं, अफाट श्रीमंत, पोलोचे घोडे ताफ्याने आणले, एवढंच. खानदानी पैसा म्हणजे ज्याचा उगम कोणी विचारत नाही तो पैसा. निकचं घराणं त्याहून लहान, पण त्याचाही उगम फारसा स्वच्छ नाही: आजोबांच्या भावाने यादवी युद्धात आपल्याऐवजी दुसरा माणूस लढायला पाठवला आणि स्वतः लोखंडी सामानाचं घाऊक दुकान काढलं. तीन पिढ्या गेल्या की त्याचं 'घराणं' होतं. गॅट्सबीकडे तीनच वर्षं होती.

पासष्ट वर्षं आधी

ही चाल फिट्झजेराल्डची एकट्याची नाही. चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१, साप्ताहिकातून क्रमशः) लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला कुणीतरी गुप्तपणे श्रीमंत करतं. त्याला वाटतं, हा पैसा गावातल्या श्रीमंत, एकाकी मिस हॅव्हिशॅमचा, आणि तिने तो दिलाय आपलं तिच्या मानलेल्या मुलीशी, एस्टेलाशी, लग्न व्हावं म्हणून. प्रत्यक्षात पैसा असतो हद्दपार झालेल्या कैद्याचा, न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून कमावलेला. पिपला त्याची किळस येते. आणि जिच्यासाठी हा आटापिटा केला ती एस्टेला त्याच कैद्याची मुलगी निघते.

मिस हॅव्हिशॅमचे वडील बिअर गाळणारे होते. भाजणाऱ्याला, म्हणजे बेकरीवाल्याला, सभ्य समाजात जागा नाही, पण बिअरवाल्याला आहे, हे असं का ते मला कळत नाही, असं त्यातलं एक पात्र हसत हसत म्हणतं. आता गॅट्सबीच्या महालाकडे बघा. तो बांधणारा पहिला मालकही बिअरवालाच. त्याला आसपासच्या घरांवर जुन्या गावासारखी गवताची छपरं हवी होती, त्यासाठी तो शेजाऱ्यांचा पाच वर्षांचा कर भरायला तयार होता. कोणी ऐकलं नाही. त्याच्या दारूला कायद्याचा आशीर्वाद होता, गॅट्सबीच्या दारूला नव्हता. घर एकच.

भाषांतरातला एक खडा

मराठीत ही कादंबरी सांगायची म्हटली तर 'ओल्ड स्पोर्ट' हे गॅट्सबीचं पालुपद अडतं. 'मित्रा' म्हटलं तर साधं होतं, 'राव' म्हटलं तर गावरान गोडवा येतो. मूळ शब्दाला ऑक्सफर्डच्या पाच महिन्यांत उचललेल्या उसन्या ऐटीचा वास आहे, म्हणून तर टॉम चिडून विचारतो की हे कुठून उचललंस. 'ओल्ड स्पोर्ट' तसंच ठेवावं आणि वाचकाला ते खुपू द्यावं, हे बरं. टॉमलाही ते खुपतंच.

शेवटचा हिशोब

गॅट्सबीच्या अंत्यविधीला मिनेसोटाहून त्याचे वडील येतात. मुलाने दोन वर्षांपूर्वी त्यांना राहतं घर घेऊन दिलेलं असतं. ते खिशातून एक फाटकं पुस्तक काढतात, काउबॉयच्या गोष्टींचं. मागच्या कोऱ्या पानावर मुलाने लहानपणी लिहिलेलं वेळापत्रक आहे, तारीख १२ सप्टेंबर १९०६. (इथे फिट्झजेराल्डची गफलत आहे. 'हॉपअलाँग कॅसिडी' हे पुस्तक निघालं १९१० मध्ये.) सहाला उठणे. सव्वासहाला व्यायाम. मग विजेचा अभ्यास, साडेआठ ते साडेचार काम, पाच ते सहा बोलण्याचा आणि रुबाबाचा सराव, सात ते नऊ गरजेच्या शोधांचा अभ्यास. खाली संकल्प: धूम्रपान नाही, एक दिवसाआड अंघोळ, आईवडिलांशी नीट वागणे. आणि बचतीची ओळ: आठवड्याला पाच डॉलर. त्यातले पाच खोडून तीन केलेले आहेत.

म्हातारा एकेक ओळ मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक ओळीनंतर निककडे आशेने बघतो. निकला वाटतं, ही यादी आपण स्वतःसाठी उतरवून घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असावी.